पाच तारे दिले होते, त्यातले तीन परत घेतोय

एप्रिल २०२४ मध्ये मी आमच्या बाथरूमच्या ठेकेदाराला पाच तारे दिले होते. चारच ओळी लिहिल्या होत्या: काम वेळेत, माणसं स्वच्छ, लाद्यांमधल्या दरजा दोरी लावल्यासारख्या सरळ, आई खूश. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, ही खरी पंचाईत आहे. बाथरूम दिसायला खरंच सुंदर झालं होतं. पाहुणे आले की ही त्यांना आधी बाथरूम दाखवायची, मग पाणी द्यायची.

ठेकेदाराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माणूस रोज समोरून जातो, आणि आई अजून त्याला थांबवून मुलाबाळांची चौकशी करते.

आम्ही वडोदऱ्यातल्या दांडियाबाजारात राहतो. इमारत १९९० च्या आसपासची, तीन मजली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मी तबला शिकवतो. हे सांगण्याचं कारण पुढे येईल. आई ८३ वर्षांची, वॉकर घेऊन चालते. जुन्या बाथरूमच्या उंबऱ्याला तिचा पाय अडकला, पडली नाही एवढं नशीब. त्या दिवशी ठरवलं की हे सगळं बदलायचं. बाथरूम पाच बाय आठ फुटांचं, खाली कोटा फरशी, भिंतीला चार इंची पांढऱ्या टाइल्स, तीस-पस्तीस वर्षांत काळ्या पडलेल्या. ठेकेदाराला मी दोनच गोष्टी बजावून सांगितल्या: उंबरा नको, आणि फोडाफोड कमीत कमी, कारण आईला धूळ सोसत नाही. त्याने दोन्ही ऐकल्या. आता कळतंय की त्या दोन्ही ऐकायला नको होत्या, किंवा ऐकल्या तर त्यांची किंमत मला सांगायला हवी होती.

अठरा दिवसांत काम झालं. एकूण १ लाख ८५ हजार. भिंतीला दोन बाय चार फुटांच्या चकचकीत मोठ्या लाद्या, खाली दोन बाय दोनच्या, भिंतीत लपवलेला डायव्हर्टर (पाणी नळाला की शॉवरला हे ठरवणारी कळ), साबण-शाम्पूसाठी कोनाडा, आईसाठी स्टीलचे धरायचे दांडे. कोनाडा बघून आई म्हणाली, "कोनाड्यात देव ठेवतात रे, साबण कुठला!" कोटेशनच्या कागदावर एक ओळ होती, "वॉटरप्रूफिंग, लमसम, १२,०००". ती ओळ मी वाचली आणि पुढे गेलो. कसलं वॉटरप्रूफिंग, कुठे, किती उंच, किती हात, काहीच विचारलं नाही. लादीच्या रंगावर मात्र आम्ही तीन संध्याकाळी भांडलो होतो.

पैसे चुकते करताना सवयीने एक गोष्ट केली. भिंतीवर बोट वाजवलं. लादीच्या मधोमध आवाज तबल्याच्या 'ते' या बोलासारखा बंद आला. कडेला सरकलो तर 'घे'सारखा घुमला. कारागिराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, मोठी लादी आहे, वाजणारच." मी मान डोलावली. पंचवीस वर्षं पोरांना कान उघडे ठेवा म्हणून ओरडणारा माणूस मी, समोर भिंत सांगत होती आणि मी चेक फाडला.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तो वडोदऱ्यातल्या कुणालाच सांगायला नको. आमच्याकडे पाणी शिरलं नाही, पण सगळं शहर आठवडाभर ओलं होतं. त्याच दिवसांत खालच्या मजल्यावरच्या बेन वर आल्या. "सर, जरा नीचे आवो ने, छतमां डाघ पड्यो छे." जाऊन पाहिलं. त्यांच्या बाथरूमच्या छताला ताटाएवढा पिवळट डाग, कडेला तपकिरी रेघ. ठेकेदाराला बोलावलं. तो मान वर करून क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "आ तो वरसादनुं पाणी छे, सुकाई जशे." सगळ्या गावात ओल होती, त्यामुळे पटलं. मधला मजला आहे, वर आणखी एक घर आहे, पाऊस छत सोडून मध्येच कसा शिरेल, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

पावसाची ओल नवरात्रीपर्यंत सुकायला लागते, दिवाळीपर्यंत जाते. हा डाग दिवाळीत परातीएवढा झाला.

ठेकेदार पुन्हा आला. या वेळी त्याने दरजांमध्ये पांढरा सिमेंट भरला आणि सगळ्या जमिनीवर एक पारदर्शक द्रव ब्रशने फिरवला. ६,५०० रुपये. तीन आठवडे डाग जैसे थे राहिला, चौथ्या आठवड्यात त्याच्या मध्यावर थेंब लोंबू लागला. मग फोन उचलणं बंद.

आता तबल्याचं. आमच्या बेडरूमची एक भिंत आणि बाथरूममधली शॉवरची भिंत एकच. त्या भिंतीला लागून लाकडी कपाट, आणि त्यात माझा काळी एकचा (त्या पट्टीत मिळवलेला) दाया, म्हणजे उजव्या हाताचा तबला, दोन डग्गे, बोलांच्या वह्या. डिसेंबरमध्ये रोज सकाळी दाया उतरलेला मिळू लागला. रात्री मिळवून ठेवावा, सकाळी जवळजवळ अर्धा सूर खाली. थंडीत उलटं व्हायला हवं. हवा कोरडी असते, पुडी आवळते, वाद्य चढतं. पावसाळ्यात उतरतं ते ठीक. मी पुडी बांधणाऱ्याला दोष दिला. फोनवर जरा वाईटच बोललो त्याला, नंतर माफी मागितली. एक दिवस चुकून वाद्य बैठकीच्या खोलीत राहिलं आणि सकाळी सुरात मिळालं. मग कपाट ओढून बाजूला केलं. मागची भिंत कंबरेपर्यंत फुगलेली, रंगाचे पोपडे, आणि त्याखाली पांढरा, मिठासारखा लोणा. हात लावला तर बोटाला चिकटला. कपाटाची पाठ पुस्तकाच्या भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी मऊ झाली होती. पेशकाराच्या एका वहीची शाई उडून पानभर निळं तळं झालं होतं.

तेव्हा कळलं की पाणी फक्त खाली जात नाही, आडवंही चाललंय.

दुसरा माणूस मला खालच्या बेनच्या भावाने सुचवला. दाहोदकडचा, पन्नाशीचा कडिया, म्हणजे गवंडी. दुकान नाही, कार्ड नाही, एक मुलगा आणि एक भाचा हाताखाली. हा अभिप्राय खरं तर दोघांचा आहे, एकाचे तारे काढण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा.

त्याने आल्याआल्या छिन्नी काढली नाही. आधी विचारलं, थेंब चोवीस तास पडतो की अंघोळीनंतर? आम्हाला माहीतच नव्हतं. मग तीन दिवस त्याने आम्हाला कामाला लावलं. पहिले दोन दिवस बाथरूम पूर्ण बंद, पण नळाची लाइन चालू. खालचा थेंब दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थांबला. म्हणजे भरलेली लाइन फुटलेली नाही. फुटली असती तर कुणी अंघोळ करो न करो, पाणी गळतच राहिलं असतं. तरी खात्रीसाठी त्याने डायव्हर्टरच्या लाइनला हातपंप लावून दाब दिला आणि काटा तासभर पाहिला. हलला नाही. मग तिसऱ्या दिवशी सकाळी एक लांब नळी थेट जाळीत खुपसून चार बादल्या पाणी सोडलं, जमिनीला थेंब न लावता. खाली काही नाही. म्हणजे खालचा ड्रेनचा पाइपही ठीक. शेवटी जाळीत कापडाचा बोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून घट्ट बसवला, जमिनीवर इंचभर पाणी भरलं आणि त्यात जिलेबीत घालतात तो खायचा लाल रंग टाकला. साडेचार तासांनी खालच्या बेन वर आल्या, हातात स्टीलची वाटी. वाटीत गुलाबी पाणी.

इतकं स्वस्त निदान मी कुठल्या डॉक्टरकडे पाहिलं नाही. पाच रुपयांचा रंग.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली. पहिल्या ठेकेदाराची माणसं जाताना त्यांची पातळी बघायची पाणसळ आमच्या माळ्यावर विसरून गेली होती. दोन फुटी, पिवळी. कडियाने विचारलं, साहेब पाणसळ आहे का, माझी सायकलवर राहिली. मी ती काढून दिली. त्याने जमिनीवर ठेवली, बुडबुडा बघितला, जागा बदलली, पुन्हा बघितला. मग मला बसवून दाखवलं. जमिनीचा ढाळ जाळीकडे नव्हताच. शॉवरखालून तो दाराकडे येत होता, आणि दारापाशी उंबरा नाही, कारण मीच नको म्हणालो होतो. मधल्या दोन लाद्या तर बशीसारख्या. अंघोळीनंतर तिथे पाणी साचायचं आणि आई ते पायाने ढकलायची. आम्हाला वाटायचं मोठ्या लादीत असं होतंच.

दोन बाय दोनची लादी चारही बाजूंनी एका कोपऱ्यातल्या जाळीकडे उतरवायची तर ती कर्णरेषेत कापावी लागते, पाकिटाच्या पाठीसारखी. कापलेली रेघ दिसते, ती गिऱ्हाइकाला आवडत नाही, म्हणून कुणी कापत नाही. लादी अख्खी, सपाट बसवायची आणि दरजा सरळ आल्या की फोटो काढायचा. आमचाही काढला होता.

मग फोडायला सुरुवात झाली. खरं सांगतो, या अभिप्रायातला निम्मा भाग मी त्या दोन दिवसांत जे पाहिलं त्यासाठीच लिहितोय.

जमिनीची पहिली लादी छिन्नी लावताच एका तुकड्यात वर आली. कडियाने ती उलटी करून माझ्या हातात दिली. पाठ कोरी. सिमेंटचा एक कण नाही, कालच खोक्यातून काढल्यासारखी. हे कसं, ते त्याने सांगितलं. जुन्या चकाकी दिलेल्या सिरॅमिक लाद्या पाणी पितात, म्हणून त्या हौदात भिजवून मग सिमेंटवर बसवायच्या; नाहीतर त्या सिमेंटातलंच पाणी ओढून घेतात. ही व्हिट्रिफाइड लादी. खोक्यावरच लिहिलेलं असतं, पाणी शोषण अर्ध्या टक्क्याहून कमी. ती भिजवून काही उपयोग नाही, उलट पाठीवर पाण्याचा पापुद्रा राहतो, आणि नुसती सिमेंटची खीर तिला धरत नाही. तिला पॉलिमरचा चिकट मसाला लागतो. त्यासाठी भारतीय मानकही आहे, आयएस १५४७७, पिशवीवर छापलेलं असतं. मला आठवलं, पहिल्यांदा काम चालू असताना गॅलरीतल्या टबात रात्रभर लाद्या भिजत पडल्या होत्या आणि मी हिला कौतुकाने म्हणालो होतो, बघ, किती नीट काम करतात.

लादीखाली ओली रेती. रेतीखाली आमचा जुना कोटा, जसाच्या तसा! फोडाफोड नको म्हणालो होतो ना. जुन्या फरशीवर नवी फरशी, म्हणून पातळी दोन इंच वर, म्हणून उंबऱ्याची सगळी उंची त्यातच गेली. दोन फरश्यांच्या मधली रेती इतके महिने पाणी पिऊन बसली होती. वासाचं वर्णन करत नाही. वॉटरप्रूफिंगचा एकही थर नव्हता. बारा हजार कुठे गेले हे विचारल्यावर कडियाने खांदे उडवले आणि म्हणाला, सिमेंटमध्ये बाटलीतला द्रव ओतला असेल, तेही वॉटरप्रूफिंगच म्हणवतं.

मग नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं, थोडं पाणी धरून ठेवणारं भांडं. माझ्या मते सगळ्या कहाणीचा खलनायक हाच. हा शब्द सगळ्या देशातले इंजिनिअर वापरतात, आणि तो आपल्या नहाणीवरून आला आहे, याचा मला उगाच अभिमान होता. पातळी वर आली म्हणून जुना ट्रॅप खोल राहिला. नवा बसवायचा तर कोबा फोडावा लागला असता. त्याऐवजी चार इंची पाइपचा वीतभर तुकडा जुन्या ट्रॅपच्या तोंडात उभा खोचला, वर नवी चकचकीत जाळी. पाइप आणि ट्रॅप यांच्यामधल्या फटीत पांढरा सिमेंट आणि, हो, नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप. जाळीत पडलेलं पाणी सरळ पाइपातून जायचं, म्हणून नळी खुपसून केलेल्या परीक्षेत काही गळलं नाही. पण दरजांतून खाली झिरपलेलं पाणी रेतीतून सरकत त्या तुकड्याच्या बाहेरच्या अंगाला यायचं, आणि तिथून फटीतून स्लॅबमध्ये. दरजांतला सिमेंट पाणी अडवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतो. तिथून पुढे पाणी झिरपणारच असं धरून खालचं सगळं बांधायचं असतं. माझ्या डोक्यात उलटं होतं, की लादी म्हणजेच वॉटरप्रूफिंग.

शॉवरच्या भिंतीवरची लादी काढल्यावर माझ्या 'घे'चा उलगडा झाला. मागे मसाल्याचे पाच गोळे, चार कोपऱ्यांपासून जरा आत आणि एक मध्ये, ताटात लाडू मांडावेत तसे. मधल्या गोळ्यावर 'ते', कडेला पोकळी. मसाला खाचांच्या थापीने सगळ्या पाठीला लावायचा असतो, ओल्या जागी तर लादीची जवळजवळ सगळी पाठ भरली पाहिजे. गोळे लावले की लादी पटकन पातळीत येते, चुकलेला गिलावा झाकला जातो, काम दुप्पट वेगाने होतं. आणि मागे भिंतीएवढी रिकामी टाकी तयार होते. त्या टाकीत पाणी जात होतं दोन वाटांनी. एक, डायव्हर्टरची तबकडी. तिच्यामागचं भोक ग्राइंडरने हवं त्यापेक्षा मोठं कापलेलं, तबकडी नुसती झाकण म्हणून, कडेला सिलिकॉन नाही. दुसरी, आईचा कोनाडा. त्याचा तळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा, तो आत उतरता होता. साबणाचं पाणी रोज मागच्या कोपऱ्यात साचून दरजेत मुरायचं. भिंतीपलीकडे माझा काळी एक.

खालच्या बेनच्या छताचा सैल गिलावा काढला तेव्हा एक सळई दिसली, लाल गंजलेली, पण पोपडा सुटण्याइतकी नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडत येतो. कडियाने तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून, दुरुस्तीचा मसाला भरला. आणखी दोन पावसाळे गेले असते तर प्रकरण बाथरूमचं राहिलं नसतं, इमारतीचं झालं असतं.

नव्याने बांधताना त्याने काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण चांगलं काम बघायला कंटाळवाणं असतं. कोटा उचलला, कोबा मोकळा केला, नवा ट्रॅप बसवला, त्याच्याभोवती न आकसणारा ग्राउट. ट्रॅपात नेहमी ५० मिलिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे, वास अडवणारं तेच. मग आधी कोब्यालाच ढाळ दिला, वॉटरप्रूफिंगचा लेप नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटला. ढाळ नुसता लादीला दिला तर झिरपलेलं पाणी खाली सपाट जागेत बसून राहतं. कोब्याला दिला तर तेही चालत ट्रॅपकडे जातं. भिंत आणि जमीन मिळते तिथे गोलसर वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारा भराव. कोपऱ्यांत फायबरची जाळी. त्यावर दोन घटकांच्या, सिमेंट मिसळायच्या लेपाचे दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा, म्हणजे एकाची सुटलेली जागा दुसऱ्यात भरते. शॉवरच्या भिंतीला सात फूट उंच, बाकीकडे दोन फूट. लेप ट्रॅपच्या गळ्यात उतरवलेला.

आईच्या वॉकरचं काय? कोपऱ्यातली जाळी काढून मागच्या भिंतीला लागून लांब चॅनल घातला. त्यामुळे सगळी जमीन एकाच दिशेला उतरते, चार फुटांत एक इंच, आणि चाकांना कळतही नाही. दारात ग्रॅनाइटची पट्टी, जेमतेम अर्धा इंच उंच, दोन्ही अंगांनी घासून उतरती. म्हणजे उंबरा हवाही होता आणि नकोही, आणि दोन्ही जमत होतं. पहिल्याला फक्त विचार करावा लागला असता.

मग पाणी भरून ठेवण्याची परीक्षा. चॅनल बंद करून दोन इंच पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. शेजारी त्याच पातळीची खूण केलेली पाण्याची परात ठेवली, म्हणजे हवेने किती उडालं ते वेगळं कळावं. ४८ तास. मी दुसऱ्या सकाळी म्हणालो, आता पुरे, आईची गैरसोय होतेय. तो म्हणाला, "साहेब, घाई असेल तर पहिल्यालाच बोलवा." हा टोमणा मला लागला आणि आवडलाही. दोन दिवसांनी परात आणि जमीन सारखीच उतरली होती, दोऱ्याएवढी. खाली कोरडं.

या तेवीस दिवसांत आमची अंघोळ कुठे? खालच्या बेनकडे. ज्यांच्या डोक्यावर आम्ही चार महिने पाणी टाकलं, त्यांच्याच बाथरूममध्ये, त्याच डागाखाली, आई रोज साडेनऊला अंघोळ करायची. बेन तिला बादली भरून ठेवायच्या आणि दाराबाहेर स्टूल टाकून बसायच्या. पहिल्या दिवशी आई वर आली आणि म्हणाली, "अरे, खालून आपलं काम फारच वाईट दिसतं."

आता दुसऱ्याच्या उणिवा, कारण एकदा नुसती स्तुती करून बघितली आहे. बारा दिवस सांगून तेवीस घेतले. धूळ भयंकर, प्लास्टिकचा पडदा लावायचा हे मलाच सांगावं लागलं. जिन्याच्या वळणावर मावा थुंकल्याचे डाग अजून आहेत आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला ऐकावं लागतं. लेखी गॅरंटी देत नाही; "गळलं तर मी दाहोदला पळून जाणार आहे का?" एवढंच म्हणतो. त्याच्या दरजा पहिल्याइतक्या सरळ नाहीत. खिडकीजवळची एक रेघ तर मला रोज खुपते. आणि बोलतो अखंड. आईला मात्र 'बा' म्हणून हाक मारायचा आणि चहाच्या आधी तिच्या औषधाची वेळ विचारायचा.

खर्च: लाद्यांसकट १ लाख १२ हजार, खालच्या घराचं छत आणि रंग १४ हजार, ते अर्थात मी दिले. त्यात पहिल्याचे १ लाख ८५ हजार आणि त्याच्याच पांढऱ्या सिमेंटचे साडेसहा हजार धरा. एका बाथरूमला एकूण ३ लाख १७ हजार ५००.

एक संपूर्ण पावसाळा, २०२५ चा, मधून गेला. खालचं छत कोरडं. बेडरूमच्या भिंतीचा गिलावा काढून चार महिने उघडी ठेवली, मग रंगवली. कपाट परत तिथेच, पण आता भिंतीपासून चार बोटं पुढे, सवय म्हणा. दाया सकाळी सुरात मिळतो. कडियाला चार तारे. पाचवा त्याने जिन्यात थुंकला.

पहिल्याला दोन. एकच देणार होतो, पण आईचे धरायचे दांडे त्याने असे पक्के बसवले होते की फोडताना ते काढायला भाच्याला अर्धा दिवस लागला. तेच दांडे पुन्हा लावलेत. दुसरा तारा त्यांचा.

आणि पाणसळ माझ्याकडेच आहे. दोन फुटी, पिवळी, एका टोकाला पांढरा सिमेंट लागलेला. काच शाबूत, बुडबुडा चालतो. संध्याकाळी सातनंतर वर्ग संपलेला असतो, येऊन घेऊन जावी.